ओरिनचा नावाडी

व्हर्लिन टेस्मरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ऑफिसच्या टेबलाखाली रांगत होता. मला वाटलं, वायर शोधतोय. तो शोधत होता फासा. वीस बाजूंचा, हिरवा, कडा झिजलेला. खिशातून पडला होता. फासा सापडेपर्यंत त्याने माझ्याशी हात मिळवला नाही. सापडल्यावर पहिलं विचारलं ते हे, की रविवारी दुपारी तू काय करतोस.

शेबॉयगनमधल्या त्या विमा कंपनीत मी दोन आकडी सालं चार आकडी करायला आलो होतो. शतक बदलायला थोडा अवधी होता आणि कोबॉल ही जुनी संगणकभाषा येणाऱ्या माणसाला तेव्हा जावयाचा मान होता. शतक बदललं, मान गेला, मी राहिलो. रविवारी दुपारी मी काहीच करत नव्हतो, कारण विस्कॉन्सिनमध्ये त्या वेळी सगळे फुटबॉल बघतात आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून व्हर्लिनच्या तळघरात गेलो आणि कायमचा अडकलो.

खेळ असा की एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात आणि आपलं माणूस काय करतंय ते बोलून सांगतात. जमेल की फसेल असा प्रश्न आला की फासा टाकायचा. वीस पडले तर देव पावला, एक पडला तर मेलात. एवढ्यावर चांगली शिकलेली माणसं आयुष्य काढतात. आमचा सूत्रधार व्हर्लिन. कॉलेजात असल्यापासून त्याने ओल्डमीर नावाचा एक देश रचत आणला होता. त्यातल्या नद्या, घाट, जकातनाके, कुठल्या राजाचं कुणाशी वाकडं, सगळं त्याला तोंडपाठ. समोर पुठ्ठ्याचा पडदा उभा करून तो आडून फासे टाकायचा आणि वरून नुसते डोळे दिसायचे. दयामाया नावाला नाही. माझे तीन भिक्षू त्याने मारले. एकाला तर नदीत बुडवलं, का तर त्याला पोहता येतं हे मी आधी सांगितलं नव्हतं. कुणी रडगाणं लावलं की म्हणायचा, "फाशाने सांगितलं ते झालं. मी कोण?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ओरिन व्होय्टा बसायचा. कंपनीतली मशीन रूम त्याच्या ताब्यात होती. कुठलाही नवा प्रोग्राम चालू करायचा तर ओरिनची परवानगी लागायची आणि शुक्रवारी ती कुणाच्या बापाला मिळायची नाही, कारण शुक्रवारी काही बदललं की शनिवार-रविवार ते निस्तरण्यात जातो. माणूस खेळातही तसाच. त्याचं पात्र म्हणजे ग्रिब नावाचा म्हातारा नावाडी. ओल्डमीरमध्ये पाण्यावाचून कुठे जाता येत नसे, म्हणून ग्रिबवाचून आमचं पान हलत नसे. पण किनारा लागला, तलवारी निघाल्या, की ओरिन चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "तुम्ही व्हा पुढे. होडी कुणीतरी सांभाळायला हवी ना." आम्ही त्याला भागूबाई म्हणायचो. त्याला काही नाही. आम्ही रक्तबंबाळ होऊन पळत आलो की होडी दोर सोडून तयार असायची. आमची माणसं मेली, नवी आली, तीही मेली. ग्रिब तेवढा पहिल्या रविवारपासून जिवंत होता.

चौथा ब्रेंट, आमच्यात वयाने लहान, तलवारबाज. ओरिनची बायको आर्डिस खेळत नसे. ती लिंबाच्या वड्या करून आणायची, डबा आमच्यापुढे ठेवून वर टीव्हीसमोर बसायची आणि फुटबॉलचा स्कोअर जिन्यातून ओरडून सांगायची.

आता आमच्या धंद्याचं सांगतो. लोकांना वाटतं की संगणकवाला म्हणजे नवं ते शिकण्याची हौस असलेला माणूस. हौस पहिली दहा वर्षं असते. पुढे साहेब कुठल्यातरी परिषदेला जाऊन येतात आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना कळतं की आपल्याला काल येत होतं ते आजपासून जुनं झालं. कोबॉल गेलं, जावा आलं. व्हर्लिन जावा शिकला. मग सगळं ब्राउझरमध्ये पाहिजे म्हणाले. तो तेही शिकला. मग क्लाउड. दर वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक, समोर गार झालेली कॉफी, आणि हा पन्नाशीचा माणूस ओठ हलवत पाठ करतोय. गंमत म्हणजे जुन्या प्रोग्रामांवरच कंपनीच्या सगळ्या पॉलिस्या चालत होत्या आणि ते व्हर्लिनशिवाय कुणाला उलगडत नव्हते. त्यामुळे दिवसा जुन्याचं दळण, संध्याकाळी नव्याची घोकंपट्टी. बायको त्याच काळात सोडून गेली. ती म्हणाली होती की तुझ्या परीक्षा संपतील तेव्हा कळव.

एकच नवी गोष्ट तो आनंदाने शिकला. ओरिनची फुप्फुसं निकामी होत चालली, ऑक्सिजनची नळी लागली, तळघराचा जिना उतरणं बंद झालं. त्या आठवड्यात व्हर्लिनने रजा टाकली आणि खेळाचं ऑनलाइन टेबल बसवलं. पडद्यावर नकाशा, सोंगट्या, फासे, कोपऱ्यात प्रत्येकाचा चेहरा. सगळं ओल्डमीर, गावं-नद्यांसकट, त्याने हाताने त्यात भरलं. ब्रेंट मिनियापोलिसला गेला होता, मी मॅडिसनला. आमचीही सोय झाली. पण ते केलं ओरिनसाठी. ओरिन अंथरुणात बसून नळीतून श्वास घेत म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे," आणि वाक्य पुरं करायला त्याला दम लागायचा, तेव्हा आम्हीच म्हणायचो, "हो बाबा, होडी कुणीतरी सांभाळायला हवी."

ओरिन गेला. पुढच्या रविवारी खेळ होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण सवयीने तिघेही पडद्यासमोर येऊन बसलो. तेवढ्यात ओरिनच्या नावाचा चौकोन उजळला. आत आर्डिस. डोळे सुजलेले, अंगात ओरिनचा स्वेटर. म्हणाली, "मला एक पात्र द्या. धनुष्यबाणवाली चालेल. आणि ग्रिबला काढायचं नाही. व्हर्लिन, तू चालव त्याला."

 व्हर्लिनने गोष्ट सुरू केली. किनारा आला, झाडीत काहीतरी हललं, आम्ही उतरलो, आणि व्हर्लिन जरा थांबून ओरिनच्या संथ, नाकातल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे." आर्डिस हसली आणि मग रडली. तेव्हापासून ती दर रविवारी येत राहिली. खेळाची तिला गोडी नव्हती, अजून नाही. तिला आठवड्यातून एकदा तो माणूस ऐकायचा असे. आणि व्हर्लिन त्याला असा हुबेहूब आणायचा की कधीकधी मलाच भीती वाटायची. ग्रिब खेकड्यांना नावं ठेवायचा. ग्रिब पावसात दोराला तेल लावत बसायचा. शुक्रवार आला की ओल्डमीरमध्ये काही झालं तरी ग्रिब होडी काढायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ओरिनसोबत तीस वर्षं डबा खाल्लेल्या माणसाला ते माहीत होतं, इतकंच.

मग कंपनीत एआय आलं. साहेब परिषदेहून आले, या वेळी जरा जास्तच खूश होऊन. जुने प्रोग्राम वाचून त्यांचं नव्या भाषेत रूपांतर करणारं यंत्र घेतलं होतं. फक्त त्या यंत्राला अधूनमधून अडायला व्हायचं, की हे असं का केलंय? म्हणून व्हर्लिनला सांगितलं, तुझ्या डोक्यातलं सगळं लिहून दे. आणि तो बहाद्दर खरंच बसला. मी त्याला फोनवर म्हणालो, अरे वेड्या, जरा हात राखून लिही. तर मलाच झापलं. म्हणाला की काम म्हणजे काम, अर्धवट लिहिणं मला जमत नाही. त्याने इतकं नीट लिहिलं की साहेबांनी सगळ्या मजल्यासमोर टाळ्या वाजवून घेतल्या. टाळ्यांनंतर काही आठवड्यांत त्याचा विभाग बंद झाला. निरोपाला केक होता.

"मी त्यांना माझीच जागा नीट समजावून दिली," त्याच संध्याकाळी तो मला व्हिडिओ कॉलवर म्हणाला. हे सांगताना तो हसला होता, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नव्हतं.

साठीच्या माणसाला नोकरी शोधताना काय काय ऐकावं लागतं ते मी लिहीत बसत नाही. एका पोरसवद्या बाईने त्याला विचारलं की आमच्या वेगाशी जुळवून घेणं तुम्हाला झेपेल का. व्हर्लिनने चार वेळा स्वतःला पहिल्यापासून शिकवलं होतं. त्या बाईने एकदाही नसेल. शेवटी शेतीच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात, नट-बोल्टच्या रांगेत त्याला काम मिळालं. नव्या माणसाला तिथे रविवार कामाचा.

म्हणजे आमचा सूत्रधार गेला. इथे ब्रेंट पुढे सरसावला. ब्रेंट माणूस वाईट नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण त्याची नोकरीच दुसऱ्यांच्या ऑफिसात एआय बसवून द्यायची आहे, आणि हातोडीवाल्याला सगळीकडे खिळे दिसतात तसं त्याचं झालंय. तो म्हणाला की व्हर्लिनचा रविवार सुटेपर्यंत तात्पुरतं यंत्राला सूत्रधार करू. ते छान गोष्ट सांगतं, आवाजही देतं. फक्त ओल्डमीरची सगळी माहिती त्यात घालावी लागेल. "व्हर्लिन, तुझ्या डोक्यातलं सगळं लिहून दे ना," तो म्हणाला. शब्दन् शब्द तोच. मी पडद्यावर व्हर्लिनकडे पाहिलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "देतो की. सवय आहे मला."

त्याने दिलंही. नद्या दिल्या, राजे दिले, जकातीचे दर दिले.

खोटं कशाला बोलू, यंत्राचा खेळ मजेचा होता. ते थकत नव्हतं, चिडत नव्हतं. काहीही बोला, म्हणायचं की काय सुंदर कल्पना आहे. माझा भिक्षू पुलावरून पडला तर खाली गवताची गंजी निघाली. व्हर्लिनच्या हाताखाली तिथे खडक असता. ब्रेंटचा तलवारबाज तर दर रविवारी कुठल्यातरी गावाचा तारणहार ठरत होता आणि ब्रेंट त्यावर खूश होता. आर्डिस कमी बोलायची. त्या दिवसांत आमची पात्रं कोरड्या डोंगरात होती, होडी खाली घाटाला बांधलेली, त्यामुळे ग्रिबचा विषय निघालाच नाही. ती वाट बघत होती, हे मला आता कळतं.

डोंगर उतरून आमची टोळी पाण्यावर आली आणि नेमक्या त्याच रविवारी व्हर्लिनला सुटी मिळाली. शनिवारची दुप्पट पाळी करून त्याने ती मिळवली होती. त्याचा चौकोन उजळला तेव्हा मागे त्याचं तळघर दिसलं आणि टेबलावर तो जुना पुठ्ठ्याचा पडदा उभा केलेला. दाढीही केली होती. म्हणजे तो खेळ चालवायच्या तयारीने आला होता, हे कुणालाही कळलं असतं.

ब्रेंटला कळलं नाही. किंवा कळून सोपं पडलं नाही. म्हणाला की तू आलास ते झकास झालं, पण गोष्ट ऐन रंगात आहे, मध्येच सूत्रधार बदलला तर घोटाळा होईल; आज तू खेळच ना, कधी खेळायला मिळालंय तुला? एखादं पात्र घे.

मी तोंड उघडायच्या आत व्हर्लिन म्हणाला, "बरं. जकातनाक्यावरचा कारकून घेतो."

स्वतःच्या देशात तो कारकून झाला. यंत्राने त्याचं फार गोड शब्दांत स्वागत केलं आणि ओल्डमीरमध्ये जकात कशी घेतात ते त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पुठ्ठ्याचा पडदा टेबलावरून काढून खाली ठेवला, आणि आपला माइक बंद केला.

आम्ही बुडालेल्या एका किल्ल्याशी पोचलो. ग्रिबने होडी बुरुजाला लावली, तीही नुसती यंत्राच्या एका वाक्यात. आत पाण्यात एक भलं मोठं जनावर होतं. ब्रेंट तलवार काढून धावला, मी मंत्र म्हटला, आणि आर्डिसच्या धनुर्धारी बाईने बाण सोडला. तिचा फासा एक पडला. पाय घसरून ती पाण्यात गेली आणि जनावर तिच्याकडे वळलं. तेव्हा यंत्र त्या मऊ आवाजात म्हणालं, "ग्रिब होडीतून हे सगळं पाहतो आहे. ग्रिबचा निर्णय कोण घेईल? की मी घेऊ?"

आम्ही थांबलो. ग्रिबचं नाव निघालं की व्हर्लिनकडे बघायचं ही आमची सवय. आर्डिस तर पडद्याला नाक लावल्यासारखी पुढे झाली होती. व्हर्लिनच्या चौकोनात तो खुर्चीत मागे रेलला होता, हात पोटावर, बोटं एकमेकांत गुंतवलेली. माइक बंदच. त्याच्या चेहऱ्यावर केकच्या दिवशीचं ते हसणं होतं.

ब्रेंटने थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, "तूच ठरव."

यंत्राने ठरवलं. ग्रिबने वल्हं उचललं, होडीतून उडी मारली, आणि आर्डिस आणि ते जनावर यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. फासा सगळ्यांसमोर उघडा पडला. तीन. मग यंत्राने ग्रिबचं मरण सांगितलं, आणि काय सांगितलं. पाणी लाल झालं, वल्हं तरंगत राहिलं, आणि शेवटच्या श्वासात ग्रिब आर्डिसला म्हणाला की माझं आयुष्य तुझ्यासाठीच होतं. वर संथ संगीतही लावलं होतं. ब्रेंटचे डोळे भरून आले. तो म्हणाला की ओरिनला साजेसा शेवट झाला, असं मरण यायला नशीब लागतं.

संगीत संपलं. मग आर्डिस म्हणाली, "हा ओरिन नाही."

ब्रेंट तिची समजूत घालायला लागला. तिने त्याला हाताने थांबवलं.

"ओरिनने उडी मारली नसती. तो होडीतच उभा राहून माझ्यावर ओरडला असता, की बाई, तुला सांगत होतो काठाशी जाऊ नकोस, आता इकडे दोर पकड. त्याने दोर टाकला असता. चाळीस वर्षं मला दोरच टाकत आला तो." तिचा आवाज चढला नाही. "व्हर्लिन, माइक सुरू कर."

त्याने केला.

"तू लिहून दिलंस त्यात ग्रिबचं काय लिहिलं होतंस?"

"म्हातारा नावाडी. सगळ्यांचा निष्ठावान मित्र."

"एवढंच?"

"एवढंच."

"का?"

व्हर्लिनने चष्मा काढला आणि पुसत बसला. मग म्हणाला, "ऑफिसात सगळं लिहून दिलं होतं मी, आर्डिस. तू बघितलंस काय झालं ते. म्हटलं, एक तरी गोष्ट आपल्याकडे राहू दे. ग्रिब आला की यांचं अडेल. मग म्हणतील, व्हर्लिनला बोलवा."

"आणि आत्ता? ते विचारत होतं तेव्हा? तू इथेच बसला होतास ना?"

"मला कुणी विचारलं नाही. त्याला विचारलं."

हे उत्तर त्याने बहुतेक खूप दिवस तयार करून ठेवलं असणार. ऑफिसच्या साहेबांसाठी, ब्रेंटसाठी, त्या वेग विचारणाऱ्या बाईसाठी. ते पडलं आर्डिसच्या पदरात. बोलून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

ब्रेंट घाईने म्हणाला की एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, दहा मिनिटांपूर्वीची प्रत जपून ठेवलेली असते, आपण मागे जाऊ. आम्हा लोकांना हे फार लवकर सुचतं. काही बिघडलं की कालची प्रत चढवायची आणि बिघडलंच नव्हतं असं धरून चालायचं. त्याने गोष्ट मागे नेली. आर्डिस पुन्हा काठावर उभी राहिली, ग्रिब पुन्हा होडीत आला. मग ब्रेंटने यंत्राला एक ओळ लिहून दिली, आम्हा सगळ्यांना दिसेल अशी, की ग्रिब कधीही मरत नाही. यंत्र म्हणालं, "समजलं. लक्षात ठेवीन. सांगितल्याबद्दल आभार."

व्हर्लिन ती ओळ वाचत होता. इतके महिने त्याने जे मुठीत धरून ठेवलं होतं ते ब्रेंटच्या हातून एका ओळीत, तेही चुकीचं, लिहून झालं होतं. आणि खेळ पुढे निघाला होता. आर्डिसचा चौकोन काळा झाला. थोड्या वेळाने व्हर्लिनचाही.

मला व्हर्लिनचा राग आला होता, आणि ब्रेंटचाही. सगळ्यात जास्त चीड त्या साहेबांची आली, जे यातलं काही जाणत नव्हते आणि बहुधा पुढच्या परिषदेला निघाले होते. व्हर्लिनला त्यांनी एकच धडा शिकवला, की जवळचं सगळं देऊन टाकणारा मूर्ख असतो. जन्मभर उशिरा शिकणाऱ्या या माणसाने हा एकच धडा वेळेवर शिकला आणि तो नेमका आर्डिसवर वापरला.

व्हर्लिन पुन्हा आला नाही. आर्डिसही नाही. मी मात्र जातो. का जातो ते मला नीट सांगता येणार नाही. रविवार दुपार मोकळी सोडवत नाही, आणि फुटबॉल अजून कळत नाही.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या एका शुक्रवारी मी शेबॉयगनला गेलो आणि व्हर्लिनला फिश फ्रायला घेऊन गेलो. नेहमीचा सपर क्लब, म्हणजे तिकडची जुन्या वळणाची खाणावळ, नेहमीची ब्रँडी, तळलेला मासा, राय ब्रेड. दुकानातलं लाल जॅकेट तसंच अंगात, छातीवर नाव. तो म्हणाला की आता एआयला प्रश्न कसे विचारायचे त्याचा ऑनलाइन कोर्स करतोय, अर्धा झालाय. मी विचारलं, चांगला आहे का? तो म्हणाला की पहिला भाग संपेपर्यंत तो जुना झाला होता.

मग त्याने स्वतःहून सांगितलं की त्याने आर्डिसला फोन केला होता. माफी मागितली. म्हणाला होता की ते ऑनलाइन सगळं जाऊ दे, मी तुझ्या घरी येतो, आपण दोघंच खेळू. तू, मी आणि ग्रिब. मी त्याला पूर्वीसारखा बोलता करीन.

"काय म्हणाली?"

त्याने लिंबू माशावर पिळलं, सालही पिळत राहिला. "म्हणाली, त्या यंत्राला ओरिन माहीत नव्हता. तुला माहीत होता. आणि तू बघत बसलास." त्याने साल बशीच्या कडेला ठेवली. "मग म्हणाली, गरम पाणी ठेवलंय गॅसवर, आणि फोन ठेवला."

 तिचं खरं होतं, आणि तो माझा मित्र होता. आम्ही मासा खाल्ला. शेजारच्या टेबलावर चार म्हातारे पत्ते कुटत होते आणि एकमेकांना मनसोक्त शिव्या देत होते. व्हर्लिन त्यांच्याकडे बघत होता.

"ग्रिब कसा आहे?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. जिवंत आहे. मरत नाही म्हटल्यावर यंत्र त्याला प्रत्येक वेळी सगळ्यांच्या पुढे घालतं. आगीत शिरतो, कड्यावरून उड्या मारतो, भाषणं ठोकतो. ब्रेंटला भलताच आवडतो.

व्हर्लिनने मान हलवली. ब्रँडीतला बर्फ त्याने काडीने दोनदा फिरवला.

"आणि होडी कोण सांभाळतं?"

मला आठवेना. खूप आठवून पाहिलं. किल्ल्यातून आम्ही बाहेर पडलो होतो, पुढे एक शहर आलं होतं, मग रस्ते आणि घोडे. होडीचं नाव त्यानंतर कुणी काढलंच नव्हतं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "त्या बुरुजालाच राहिली असेल."

त्याने उरलेली ब्रँडी संपवली. मग त्याने उद्या सकाळी लवकर पाळी आहे म्हणून जॅकेटची चेन लावली, आणि आम्ही उठलो.